तळीला पाच हात

"पाच पानं मांडलीस?" दादांनी विचारलं.

"दर वर्साला मांडती," आई म्हणाली. "मांडायला काय जातंय? उचलाया कोण येतंय ते सांगा."

चंपाषष्ठीची सकाळ होती. पितळी ताम्हणात आईनं विड्याची पानं गोलाकार लावली, मधोमध खोबऱ्याची वाटी ठेवली आणि वाटीत चिमटीचिमटीनं भंडारा भरला. ही खंडोबाची तळी. नैवेद्य झाला की पाच पुरुषांनी ताम्हणाभोवती बसायचं, सगळ्यांनी हात लावायचा आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत तीनदा तळी उचलायची. मग एकमेकांच्या कपाळाला भंडारा लावायचा. आमच्या शेंदूरवाडीत त्या दिवशी घरोघरी तळ्या उचलल्या जात आणि माणसं पिवळीधमक कपाळं घेऊन या घरातून त्या घरात फिरत. फक्त आमचं घर सोडून. आमच्याकडे तळी भरली जायची, उचलली जात नसे. दुपार कलली की दादा एकटेच ताम्हणाला हात लावून नमस्कार करायचे आणि आई ते खोबरं किसायला घ्यायची.

त्याचं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझे वडील, नाईक येसू फाळके, पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर बसऱ्याच्या मुलखात गेले होते. तिथं कूत नावाच्या गावात तुर्कांनी पलटणीला कोंडलं. अन्न संपलं, आणि त्या वेढ्यात दादांनी घोड्याचं मांस खाल्लं. कोंबडं-बकरं आम्ही सगळेच खातो, पण घोडा म्हणजे खंडोबाचं वाहन. दसऱ्याला ज्याची पूजा करायची तेच खाल्लं, म्हणून भावकीनं ते परत आल्याबरोबर त्यांची पंगत तोडली. बोलणंचालणं होतं, विहिरीचं पाणी होतं, अडीनडीला कुणाचे बैलही मिळत. पण आमच्या घरी कुणी घास घेत नसे, कुणाच्या पंगतीत दादांचं पान नसे, आणि खंडोबाच्या पालखीला त्यांचा खांदा चालत नसे.

आईला हे लग्नानंतर कळलं. ती जावळीकडची, आईबापाविना मामाच्या घरी वाढलेली. मामानं चौकशी केली नाही, की करूनही गप्प बसला, देव जाणे. नवऱ्याशी तिचं या बाबतीत भांडण नव्हतं, भांडण होतं गावाशी. पाणवठ्यावर कुणी वाकडं बोललं की ती एकच मुद्दा धरायची. "देवाचा घोडा पांढरा. ह्यांनी खाल्लं ते तांबडं. येवढं तरी बघा की." दादा हे ऐकून कधी हसायचे, कधी उठून गोठ्यात जायचे.

१९४६ साल होतं ते. मी सतरा वर्षांची, साताऱ्याला राहून मॅट्रिक झालेली, आणि माझं लग्न अडलं होतं. कोरेगावच्या अंगाला दौलतराव कणसे म्हणून बागाईतदार होते, त्यांचा मुलगा शाळेत मास्तर होता. मुलगा मला पसंत होता. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती, म्हणून आत्ता सांगून घेते. कणसेही वाईट माणूस नव्हते. त्यांनी दादांना सरळ सांगितलं होतं, "येसूराव, पोरगी नाकारण्यासारखी न्हाई. पर तुमची सोताची भावकी तुमच्या मांडवात जेवाया बसली, तरच मी सुपारी फोडीन. न्हाईतर माझी भावकी मला इचारंल." दादांनी मान हलवली होती. भावकीचे प्रमुख होते सुभेदार गणोजी फाळके, दादांचे चुलतभाऊ, त्यांच्याबरोबरच कूतच्या वेढ्यात असलेले. दादा त्यांच्याकडे शब्द टाकायला गेले नाहीत. आईनं किती सांगितलं, तरी नाही.

आणि नेमक्या त्याच चंपाषष्ठीला गावात जनरलसाहेब येणार होते.

पेंडार्व्हिस हे त्यांचं आडनाव. पलटणीच्या जिभेनं त्याचं पहिल्याच वर्षी पेंढारी केलं आणि साहेबांनी ते मुकाट्यानं घेतलं. शेंदूरवाडीत दर तिसऱ्या घरातला माणूस पलटणीत असायचा, त्यामुळे या साहेबाची चाकरी गावानं घरच्या पोराची बढती मोजावी तशी मोजली होती. मिसरूडही धड न फुटलेला लेफ्टनंट म्हणून तो दादांच्या कंपनीत आला. वेढा, मग तुर्कांची कैद. सुटल्यावर वझिरिस्तानच्या डोंगरात कॅप्टन, मेजर. मग पलटणीचा कमांडर झाला, तेव्हा मारुतीच्या पारावर गूळ वाटला गेला. दुसरं महायुद्ध लागलं तसा ब्रिगेडियर होऊन आफ्रिकेत केरेनच्या कड्यावर चढला, तेव्हा परत गूळ. इटलीत डिव्हिजन हाताखाली आली आणि गोळ्याचा तुकडा लागून डावा खांदा उतरला, तेव्हा सुभेदारकाकांनी खंडोबाला नारळ बोलला. गुळाच्या प्रत्येक वाटपात आमच्याही घरी खडा यायचा. तो मात्र कुणी अडवला नाही.

मला या साहेबाचं कौतुक नव्हतं. बेचाळीसला मी साताऱ्यात शाळेतून पळून मिरवणुकीत झेंडा घेऊन गेले होते आणि मास्तरांच्या छड्या खाल्ल्या होत्या. हा म्हणे कायमचा विलायतेला निघाला होता आणि जाण्याआधी आपल्या माणसांच्या गावांना भेटी देत होता. मी मनात म्हटलं, निघालाच आहात तर निघा की. निरोपाचं जेवण कशाला?

दादांनी सकाळी आपले दोन बिल्ले राखेनं घासून लख्ख केले होते. नंतर परत फडक्यात गुंडाळून ठेवले.

"जायाचं न्हाई?" आईनं विचारलं.

"पंगत हाय तिथं," दादा म्हणाले. "मी गेलो की समद्यांची पंचाईत."

मी मात्र गेले. राग होता तरी बघायची हौस होतीच. खंडोबाच्या देवळापुढं मांडव घातला होता. पेन्शनर बिल्ले लावून रांगेत उभे होते. सुभेदारकाकांनी साहेबांना फेटा बांधला, हार घातला. साहेब उंच, वाळलेला, एक खांदा खाली असलेला माणूस. तो बोलायला उभा राहिला आणि मी चाट पडले. मला वाटलं होतं इंग्रजीत चार वाक्यं ठोकेल. तो आमच्यासारखं बोलला, अगदी रानातल्या माणसासारखं. शाळेत आम्हाला जे बोलताना मास्तर टोकायचे, ते सगळं त्याच्या तोंडात होतं.

"राम राम मंडळी. लई दिस येतो येतो म्हनत हुतो. आता घरी चाललो, म्हनून आलो." मग तो रांगेवरून नजर फिरवत म्हणाला, "येसू कुठं हाय?"

सुभेदारकाका खाली बघत म्हणाले, "आजारी हाय, साहेब."

"मग बघाया जाऊ," साहेब म्हणाला, आणि चालायलाच लागला.

मी आडवाटेनं धावत घर गाठलं. "साहेब येतोय," एवढंच म्हणेपर्यंत बोळात बुटांचा आवाज आला. सगळा गाव मागं होता, पेन्शनर होते, आणि सुभेदारकाकांच्या निमंत्रणावरून आलेले कणसेही त्यांत होते. त्यांनी डोक्याला बांधलेला जरीचा रुमाल मला लांबूनच दिसला.

दादा गोठ्यातून बाहेर आले. हाताला शेण, अंगात फाटकी बंडी. त्यांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. साहेबानंही तितकाच कडक सलाम परत केला.

"म्हातारा झालास रं," साहेब म्हणाला.

"तुमी बी, साहेब."

"काय झालंय तुला? सुभेदार म्हनतो आजारी हाय."

दादांनी सुभेदारकाकांकडे पाहिलंही नाही. "व्हय साहेब. हाय जरा."

ठणठणीत माणूस असं का म्हणाला, ते मला तेव्हा कळलं नाही. हा त्यांचा लेचेपेचेपणा आहे, असं वाटून मी चिडले.

साहेबानं हवा हुंगली. "भरीत भाजलंय. वैनी, मला भूक लागलीया."

आई दारात पदर सावरून उभी होती. एरवी तिला शब्द कमी पडत नसत, पण त्या दिवशी ती गोंधळली. "आमच्यात जेवनार?"

"मग काय नुसता वास दावून माघारी लावता व्हय?" साहेब दादांकडे बोट करून म्हणाला. "माझं मराठी ह्यानं शिकवलं. घोडीला खरारा करीत शिकवायचा. शिव्या आधी, मग बाकीचं."

पडवीत दोन पानं मांडली. साहेबाला मांडी घालायला वेळ लागला, गुडघे मोडता मोडेनात, पण पाट नको म्हणाला. दादांना ओढून शेजारी बसवलं. भाकरी, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा. साहेबानं भाकरी एका हातानं मोडली, ठेचा लावला आणि खायला लागला. चार घास झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की अंगणात भरपूर माणसं आहेत आणि कुणी उंबऱ्याच्या आत येत नाही.

"का रं, उभं का? बसा की. भाकरी लई हाय वैनीकडं."

अंगणातलं कुणी हललं नाही. एकानं खोकल्याचं निमित्त केलं.

"सुभेदारसाब, या."

सुभेदारकाका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. दर सुगीला आमच्याकडे एक पोतं ज्वारी कुणाच्या तरी हस्ते पाठवणारे, माझ्या साताऱ्याच्या शिक्षणाची सोय लावून देणारे हेच काका, पण तीस वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता.

शेवटी आईनंच तोंड उघडलं. "आमच्यात कुनी जेवत न्हाई, साहेब. ह्यांनी लढाईत घोडं खाल्लं म्हनून पंगत तोडलीया. तीस वर्सं झाली. आता पोरीचं लगीन त्यापायी अडलंय. ते जरीचा रुमालवाले हाईत न्हवं, ते व्याही व्हायचे. भावकी जेवली तर व्हनार."

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. कणसे रुमाल नीट करायला लागले.

साहेबानं हातातली भाकरी पानावर ठेवली. "कुनी खाल्लं म्हनून?"

"म्या खाल्लं, साहेब," दादा घाईनं म्हणाले. असं साहेबाला तोडून बोलणं म्हणजे पलटणीत गुन्हा असावा. "म्या येकट्यानं खाल्लं. बाकी कुनी न्हाई. तुमास्नी ठावं हाय."

साहेब दादांकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवून अंगणात सुभेदारकाकांकडे पाहिलं. काका काठीच्या मुठीकडे बघत होते. मला वाटलं, आता हा बोलेल. एवढा जनरल, हजारोंना हुकूम सोडलेला. ह्यानं एकदा सगळ्यांना खडसावलं की झालं. माझं सगळं आयुष्य त्या माणसाच्या तोंडाकडे लागलं होतं. आणि तो गप्प बसला. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. हेच का ते राज्य, म्हटलं, ज्याच्यासाठी माझा बाप उपाशी मेला असता.

मग साहेबानं डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी अलगद उचलला. "वैनी, ह्यो खुंटीला लावा."

"का वं?"

"घोडी माझी हुती. मारायचा हुकूम माझा हुता. आनि म्या बी खाल्लं. येसूला पान न्हाई, तर मला फेटा कसा?"

अंगणातून कुणीतरी समजुतीनं म्हणालं, "तुमचं येगळं, साहेब. तुमच्यात चालतंय."

"न्हाई चालत," साहेब म्हणाला. "आमच्यात बी घोडं खात न्हाईत. माझ्या आईला मरेस्तवर सांगितलं न्हाई म्या."

आईनं फेटा घेतला आणि दादांच्या घोंगडीशेजारच्या खुंटीवर नीट लावला. साहेबानं उरलेली भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली, पानावरच हात धुतला, आणि मग त्याची नजर देव्हाऱ्यापुढच्या ताम्हणावर गेली.

"तळी भरलीया. उचलली न्हाई अजून?"

"पाच मानसं लागत्यात," आई म्हणाली.

"ठावं हाय," साहेब म्हणाला. "पाच लागत्यात."

तो ती अवघड मांडी घेऊन ताम्हणाजवळ सरकला आणि काठाला हात लावला. "येसू, ये."

दादा समोर बसले. ताम्हणाला दोन हात लागले, आणि साहेब थांबला. कुणाला बोलावलं नाही, हुकूम सोडला नाही. नुसता डोकं उघडं टाकून बसून राहिला. जीपबरोबर आलेला तरुण कॅप्टन दारातून वाकून इंग्रजीत म्हणाला, साताऱ्याला कलेक्टरसाहेब वाट बघत असतील. साहेबानं त्याच्याकडे न बघता सांगितलं, बघू देत. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीला तेवढं समजलं.

बाहेर देवळाकडं डफ वाजत होता तो थांबला. एक कोंबडी पडवीत शिरली, पानाजवळचे भाकरीचे कण टिपायला लागली. आईनं तिलाही हाकललं नाही. साहेबाचा दुखरा खांदा खाली खाली जात होता, पण हात काठावरून निघाला नाही.

मग उंबऱ्याशी काठी टेकल्याचा आवाज झाला. सुभेदारकाकांनी जोडे काढले. ते आत आले, भिंतीला धरून खाली बसले आणि त्यांनी ताम्हणाला हात लावला. मला वाटलं आता 'येळकोट' म्हणतील. ते म्हणाले, "म्या बी खाल्लं."

"दादा," माझे वडील हळूच म्हणाले. सुभेदारकाकांना ते दादाच म्हणायचे. "नगं. शपथ हाय."

"फुरं झाली शपथ." काका अंगणाकडे तोंड करून बोलायला लागले. "ऐका रं समदी. मूठभर पीठ मिळायचं दिसाला. पोरं उभ्या उभ्या पडाया लागली. वरनं हुकूम आला, घोडी कापा, खावा. आमच्यातलं कुनी हात लावंना. गावाकडं कळलं तर पोरीबाळी घरात ऱ्हातील ह्येच समद्यांच्या मनात. म्या हवालदार. समदी माझ्याकडं बघत्यात, आनि म्या मरायचं भ्यालो. तवा ह्यो येसू म्हनला, माझं लगीन न्हाई, पोर न्हाई, माझ्या नावावर टाका. पयला मी खातो. तुमी मागनं खावा, जगा. गावानं इचारलं तर येसूनं खाल्लं म्हनायचं, दुसऱ्या कुनाचं नाव न्हाई घ्यायचं. त्या घोडीला तीन वर्सं ह्यानंच चारा घातला हुता."

त्यांनी नाक पुसलं. "माझ्याजवळ पिशवीत भंडारा हुता. साहेबाच्या जेवायच्या थाळीत घातला आनि तळी उचलून शपथ घेतली. आमच्या गावचे चौघं हुतो. मी, येसू, धोंडू साबळे, कुशाबा. पाच लागत्यात. पाचवा हात ह्या साहेबानं लावला. म्हनून ह्यो गप हाय. म्या इथं येऊन देवाच्या दारात खोटं बोललो. सुभेदार झालो, पालखीचा मान घेतला. त्या दिसापास्नं मटान तोंडात घातलं न्हाई, तुमी म्हनायचा, सुभेदार देवमानूस हाय."

धोंडू साबळे आणि कुशाबा तुर्कांच्या कैदेत वाळवंटातच वारले होते. धोंडूचा मुलगा मार्तंड आता चाळिशीला आलेला, अंगणात पुढंच उभा होता. "काका, माझ्या बानं?"

"खाल्लं लेकरा. रडत खाल्लं. तुझं नाव घेत."

मार्तंड जोडे काढायचे विसरला. तसाच आत आला, परत बाहेर जाऊन जोडे काढून आला आणि बसला. ताम्हणाला चार हात झाले.

पाचवा कोण, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. भावकीतले बरेच आता पुढं सरकले असते, पण कोण आधी या विचारात सगळेच अडकले. आई दारात कमरेवर हात ठेवून कणसेंकडे बघत होती. कणसे म्हणाले, "माझी भावकी इचारंल की वं."

"मग त्यास्नी बी घिऊन या," आई म्हणाली. "भाकरी हाय."

दौलतराव कणसे हसले. रुमाल सोडून खांद्यावर टाकला आणि आत येऊन साहेबाच्या उतरलेल्या खांद्याच्या बाजूला बसले. "जरा माझ्याकडं भार द्या, साहेब," म्हणाले.

येळकोट येळकोट जय मल्हार. तीनदा तळी वर गेली. पहिल्यांदा पाच जणांचा आवाज होता, तिसऱ्यांदा सगळ्या अंगणाचा. दादांच्या कपाळाला भंडारा लावायला सुभेदारकाकांनी हात उचलला, पण तो कपाळापर्यंत पोचेना. त्यांना रडू आवरत नव्हतं. शेवटी दादांनीच ते बोट धरून आपल्या कपाळाला टेकवलं.

त्या दुपारी आईनं किती भाकरी थापल्या, मला आठवत नाही. पीठ संपलं तेव्हा मार्तंडाच्या बायकोनं आपल्या घरून आणलं. देवळापुढच्या मांडवातली पंगत तशीच राहिली. सगळे आमच्या अंगणात बसले. दादा वाढायला उठले, तर त्यांना कुणी उठू देईना. ते पानापुढं बसून होते, पण जेवत नव्हते. कोण कसं जेवतंय तेच बघत होते.

"आता माझा फेटा द्या, वैनी," साहेब निघताना म्हणाला. आईनं खुंटीवरून काढून दिला. सलाम झाले, मग साहेबानं दादांच्या हाताचा पंजा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आता दोघांची गाठ पुन्हा पडणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

जीपपर्यंत मीही गेले. मनातला राग पुरता गेला नव्हता, आणि मला तो बोलून टाकल्याशिवाय राहवेना. "साहेब, तुम्ही का नाही सांगितलंत? तुमचा एक शब्द पुरे होता."

साहेबानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "शाळा शिकलीयास, व्हय?"

"मॅट्रिक झालेय."

"म्या सांगितलं असतं, तर भ्यायला असता गाव. जेवला असता बी." त्यानं फेटा सरळ केला. "पर तो शब्द गणोजीचा हुता, पोरी. त्याच्या वाट्याचा म्या कसा घ्यायचा?"

मग जीप धुरळा उडवत गेली. झेंडा घेऊन छड्या खाल्लेल्या मला त्या गोऱ्या माणसाच्या पाठीमागं हात हलवावासा वाटला. मी हलवला. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही.

लग्न माघात झालं. कणसे मार्गशीर्षातच घाई करत होते, पण आई म्हणाली, "आमी तीस वर्सं थांबलो, तुमी दोन म्हैनं थांबा." त्यांनी ते ऐकून घेतलं. पुढं मीही शिक्षिका झाले, आणि दर चंपाषष्ठीला नवऱ्याला नि मुलांना घेऊन माहेरी जायची माझी रीत झाली. आमच्या घरची तळी आता गावात सगळ्यांत उशिरा उठायची, कारण गर्दी आवरायची नाही.

अशाच एका चंपाषष्ठीला, साहेब विलायतेला जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, सुभेदारकाकांच्या हातात पलटणीकडून आलेलं पत्रक होतं. त्यांना दिसायचं कमी झालं होतं. "वाच बाई," म्हणाले. "पेंढारीसाहेब गेला म्हनत्यात."

पडवीत दादा आणि काका शेजारी शेजारी बसले होते. मी वाचलं. जन्म अमुक गावी. कमिशन. मेसोपोटेमिया, कूतचा वेढा, कैद. वझिरिस्तान. पलटणीचं नेतृत्व. केरेन, बढती. इटली, डिव्हिजन, जखम. शौर्यपदकं, त्यांची नावं, सालं. निवृत्ती. आपल्या गावी झोपेत शांतपणे मृत्यू. बराच मोठा मजकूर होता, आणि मी एकेक ओळ मराठीत करून सांगत होते. दादा डोळे मिटून ऐकत होते.

वाचून झालं तेव्हा काका म्हणाले, "समदं आलं का त्यात?"

"सगळं आलंय, काका."

दादांनी डोळे उघडले. समोर ताम्हण मांडलेलं होतं, आई खोबऱ्याच्या वाटीत भंडारा भरत होती.

"साहेबाच्या दोन तळ्या ऱ्हायल्या त्यात," दादा म्हणाले.